एक टेकडी, बारा महिने: पुण्यात निसर्गाचे फोटो काढायला शिकताना

दिवाळी झाली की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, "कॅमेरा घेतलाय, भिगवणला कधी जायचं?" मी उलट विचारतो, "तुमच्या घराजवळची टेकडी कुठली?" समोरच्याचा चेहरा जरा पडतो. भिगवणच्या फ्लेमिंगोंची, म्हणजे रोहित पक्ष्यांची, स्वप्नं पाहणाऱ्याला तळजाईच्या टेकडीचं नाव सांगितलं की तसं होणारच.

माझंही तसंच झालं होतं. नवा कॅमेरा, भाड्याने आणलेली हातभर लेन्स, पहाटे साडेतीनला निघालेली गाडी आणि भिगवणजवळच्या कुंभारगावच्या होडीत बसून चार तासांत काढलेले अकराशे फोटो. घरी येऊन पाहतो तर रोहित पक्ष्यांचे पाय तुटलेले, पंख फराटलेले आणि आकाश पांढरंफटक. कॅमेऱ्यातलं कुठलं बटण काय करतं हेच मला माहीत नव्हतं, आणि ते शिकायची जागा हलती होडी नव्हे. त्यानंतर वर्षभर मी वेताळ टेकडी सोडून कुठेही गेलो नाही. जे काही येतं ते त्या वर्षात आलं. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितो आहे: आधी टेकडी, मग हात साफ करणं, मग पावसाळ्यापासून मेपर्यंतचं वर्ष. भिगवण मध्ये येईल, त्याच्या वेळेला.

आधी जागा ठरवा

अट एकच, घरातून निघाल्यापासून वीस मिनिटांत पोचता आलं पाहिजे. त्याहून लांब असली तर दुसऱ्या महिन्यात कंटाळा येतो. कोथरूड, पौड रस्ता, सेनापती बापट रस्ता या भागात राहणाऱ्यांना वेताळ टेकडी आहे. सहकारनगर-धनकवडीकरांना तळजाई आणि पाचगाव-पर्वतीचं वन. बाणेर-पाषाणला टेकडी आणि तलाव दोन्ही. औंधला विद्यापीठाचा परिसर, कॅम्प-वानवडीला एम्प्रेस गार्डन, हडपसरला कवडीपाट, निगडीला दुर्गा टेकडी, तळेगावच्या वाटेवर घोराडेश्वर. यातलं काहीच जवळ नसेल तर सोसायटीतलं उंबराचं झाडसुद्धा चालेल. पिकल्या उंबरावर हरियल येतात, आणि हरियल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. त्याला बघायला ताडोबाला जावं लागत नाही, मान वर करावी लागते.

जागा ठरली की तिथे तीन गोष्टी निवडा: एक दगड, एक झाड आणि एक पाणी. पाणी म्हणजे डबकं, ओढा, खाण, काहीही. वेताळ टेकडीवर जुनी दगडाची खाण आहे, तिच्यात पाणी साठतं. माझं पाणी ते. दर खेपेला त्या तिन्हींचा एकेक फोटो, शक्यतो त्याच जागी उभं राहून. बाकी काही मिळालं नाही तरी हे तीन काढायचेच. महिन्यातून दोन फेऱ्या पुरतात.

अंधारात एकट्याने जाऊ नका. उजाडताना फिरायला येणारे असतात, त्यांच्याबरोबर चढा. पावसाळ्यात बूट घाला, चप्पल नको. घोणस आणि फुरसं पायाखाली आल्याशिवाय दिसत नाहीत.

जवळ आहे तेच वापरा

फोन असेल तर फोन. डोंगर, ढग, फुलं, किडे यांना फोन उत्तम चालतो. फोटो काढण्याआधी पडद्यावर फुलावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथे अडकतो, मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा. एवढ्या एका सवयीने निम्मे फोटो सुधारतात. पक्ष्यांसाठी मात्र फोनचा नाद सोडा. डिजिटल झूमने काढलेला बुलबुल बुलबुल आहे हे सांगावं लागतं.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर जुना चालेल, लेन्स ७०-३०० मिलिमीटरची पुरे. १५०-६०० ची भुरळ पडते, पण ती दोन किलोच्या आसपास असते आणि टेकडीच्या चढावर तिचं वजन दर पावलाला वाढत जातं. पहिल्या वर्षी ट्रायपॉडही नको. त्याऐवजी जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्याएवढा कापा, एक टोक शिवा, आत किलोभर राजमा भरा, दुसरं टोक शिवा. दगडावर, गाडीच्या खिडकीवर, जमिनीवर ही पिशवी टाकून लेन्स तिच्यात रुतवली की हात थरथरत नाहीत. आमच्या घरात तिला "तो राजमा" म्हणतात आणि कोणी शिजवायला घेऊ नये म्हणून ती वेगळ्या कपाटात असते.

कपडे मळखाऊ रंगाचे घाला. पांढरा शर्ट आणि भडक टोपी घातली तर पक्षी आधी तुम्हाला बघतात.

तीन आकडे आणि एक चाक

पुस्तकी भाषा नको, कामापुरतं सांगतो. शटर म्हणजे किती वेळ उजेड आत घ्यायचा. अॅपर्चर म्हणजे किती मोठ्या भोकातून घ्यायचा. आयएसओ म्हणजे कमी पडलेला उजेड कॅमेऱ्याने किती ताणायचा. ताणला की दाणे दिसतात. दाणेदार पण स्पष्ट फोटो चालतो, गुळगुळीत पण हललेला फोटो चालत नाही.

बसलेल्या पक्ष्याला शटर १/५०० सेकंदाहून हळू नको, उडत्याला १/१६०० किंवा त्याहून वेगवान. आयएसओ ऑटोवर टाका आणि त्याची वरची मर्यादा ६४०० ठेवा. अॅपर्चर पक्ष्यासाठी जेवढं उघडेल तेवढं उघडं, डोंगरासाठी एफ ८. फोकस सतत पाठलाग करणारा आणि बिंदू डोळ्यावर. शेपटी धूसर झाली तरी हरकत नाही, डोळा लख्ख हवा.

आता ते चाक. कॅमेऱ्यावर अधिक-उणे लिहिलेलं एक बटण किंवा चाक असतं आणि नवखे त्याला महिनोन् महिने हात लावत नाहीत. कॅमेऱ्याला वाटतं जग करडं आहे. पांढरा गायबगळा हिरव्या गवतात दिसला की चौकटीतला बराचसा भाग गडद असतो, म्हणून कॅमेरा उजेड वाढवतो आणि बगळ्याचं पीस न् पीस पुसून टाकतो. तिथे चाक उणे एकपर्यंत न्या. उलट काळा कोतवाल आकाशासमोर तारेवर बसला असेल तर अधिक एक, नाहीतर नुसती सावली मिळते. घराच्या खिडकीतून कावळा आणि बगळा यांच्यावर आठवडाभर हेच करा, दुसरं काही करू नका.

पहिला गुरू: वेडा राघू

पहिला पक्षी म्हणून कोणी काही सुचवो, मी वेड्या राघूचं नाव घेतो. चिमणीपेक्षा जरासा लांबट, हिरवागार, गळ्याला काळी पट्टी, शेपटीच्या मधून निघालेल्या दोन बारीक काड्या. पुण्याच्या प्रत्येक टेकडीवर आहे. त्याचा मोठा गुण असा की तो ज्या फांदीवरून उडतो, बहुतेक वेळा त्याच फांदीवर परत येतो. त्यामुळे पक्ष्यामागे धावायचं नाही, फांदीसमोर बसायचं.

ते असं करा. सूर्य पाठीशी येईल अशी जागा घ्या. फांदीपासून पंचवीस-तीस पावलांवर बसा, उभे राहू नका. फांदीमागे काय आहे ते बघा. मागचं झुडूप जवळ असेल तर दोन पावलं बाजूला सरका, म्हणजे मागे दूरची टेकडी किंवा गवत येईल आणि ते विरघळून जाईल. आता फांदीवर फोकस करून थांबा. राघू उडेल, हवेत गिरकी घेईल, चोचीत मधमाशी घेऊन येईल. लगेच गिळणार नाही. ती फांदीवर डावीकडे-उजवीकडे आपटेल, नांगी निकामी होईपर्यंत. तो दहा-पंधरा सेकंदांचा वेळ तुमचा. आपटताना डोळा हलतो म्हणून शटर १/१००० हून वेगवान. गिळण्याआधी तो मान वर करून माशी अलगद उडवतो आणि झेलतो, पण ती चौकट मला तिसऱ्या महिन्यात मिळाली.

पाच-सहा सकाळी राघूसमोर घालवल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ हाताला कळायला लागतं.

जून-जुलै: पाऊस

मृग लागतं साधारण ७-८ जूनला, आणि पहिल्या एक-दोन दमदार सरींनंतर टेकडीवर मातीत लाल मखमलीचे मणी चालताना दिसतात. तो मृगाचा किडा. किडा म्हणतात खरं, पण त्याला आठ पाय असतात, म्हणजे नातं कोळ्याशी. वर्षातले मोजके दिवस तो वर येतो. पोटावर झोपा, फोन उलटा धरा म्हणजे लेन्स जमिनीलगत येते, आणि तो तुमच्याकडे चालत येईपर्यंत वाट बघा. वरून काढलेल्या फोटोत तो कुंकवाचा ठिपका दिसतो. समोरून काढला तर प्राणी दिसतो.

याच सुमाराला चातक येतो. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. पावशा तर आधीपासून "पेर्ते व्हा" करत असतोच, पण तो ऐकायचा पक्षी, दिसत नाही. मोर पिसारा घेऊन नाचतो तेही आताच. वेताळ टेकडीवर मोर भरपूर आहेत आणि त्यांच्यामागे धावणारे फोटोवालेही. मोर चालत पुढे जातो, माणूस मागे धावतो, मोर झुडपात शिरतो. हा खेळ रोज सकाळी चालतो. लांब बसून राहिलात तर तोच उघड्यावर येतो.

शहराबाहेर विहिरीवर ओणवलेल्या बाभळीवर सुगरणीची घरटी लटकू लागतात. विणणारा नर असतो, पिवळ्या डोक्याचा. घरटं अर्धं विणून झालं की तो खाली लटकून पंख फडफडवतो आणि मादी येऊन बघून जाते. पसंत पडलं नाही तर ते अर्धवटच राहतं. विहिरीच्या पलीकडच्या काठावरून ३०० मिलिमीटरने हे सगळं छान मिळतं.

उजेड कमी असतो, आकाश दुधाळ. चौकटीतून आकाश काढून टाका. ओली सालं, शेवाळ, दगडावरचं पाणी, पानाच्या कडेचा थेंब हे ढगाळ दिवसाचं खरं धन. ओल्या पानांवर पांढरी चमक येते ती घालवायला पोलरायझर फिल्टर लावून फिरवा, हिरवा रंग खाली दडलेला असतो तो वर येतो. पाऊस थांबून वारा सुटला की हवा धुतल्यासारखी होते. त्या तासाभरात वेताळ टेकडीवरून सिंहगडाचा माथा आणि त्यावरचा दूरदर्शनचा मनोरा स्वच्छ दिसतो. डोंगराचा फोटो लांब लेन्सनेही काढा, रुंद लेन्समध्ये सिंहगड चिंचोक्याएवढा होतो.

पावसात कॅमेरा सांभाळणं हे वेगळं खातं आहे. हॉटेलात मिळणारी आंघोळीची प्लास्टिक टोपी कॅमेऱ्यावर चपखल बसते. एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढला तर काच धुरकट होते. पोचायच्या पंधरा मिनिटं आधी एसी बंद करा. घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत ठेवू नका, बॅग ओली असते. मी ठेवला होता, जुलै ते सप्टेंबर. दसऱ्याला काढला तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी. दुरुस्तीचा खर्च ऐकून मी जुनीच दुसरी लेन्स घेतली. झाकण घट्ट बसणारा मोठा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, दाणे ओलावले की बदला. तांदळात ठेवायचा सल्ला सगळे देतात. देऊ द्या. तांदळाची पूड लेन्सच्या खाचांत जाते.

ऑगस्ट-सप्टेंबर: गुडघे टेका

या दोन महिन्यांत पक्ष्यांचं नाव काढू नका. टेकडीवर केना निळा फुललेला असतो, टाकळा पिवळा, कुर्डूची गुलाबी-पांढरी कणसं उभी असतात. कुंपणावर कळलावी चढलेली असते: पाकळ्या उलट्या वळलेल्या, तळाशी पिवळ्या, टोकाला लाल, आणि दिवसागणिक लाली खाली उतरत जाते. एकाच वेलीवर तीन वयांची फुलं मिळतात. फोटो काढा, पण कंद उकरायचा मोह नको, ती वनस्पती विषारी आहे. सिंहगडावर गेलात तर तेरडा आणि सोनकीने उतार रंगलेले दिसतील. त्याच उतारावर कारवी असते, ती सात वर्षांनी एकदा सामूहिक फुलते. ज्या वर्षी फुलेल त्या वर्षी सगळं सोडून जा.

फुलाच्या फोटोचा शत्रू वारा. सकाळी नऊच्या आत हवा पडलेली असते, तेव्हाच काम उरका. केनाही दुपारपर्यंत मिटून जातो, उशीर केलात तर भेटत नाही. फुलाच्या उंचीला या, म्हणजे गुडघे टेकणं आलं, कधी आडवं पडणं आलं. जुनं रेक्झिन जवळ ठेवा. ऊन पडलं तर पांढरी छत्री मध्ये धरा. आणि झोपायच्या आधी बघा कुठे झोपताय. एका सोनकीच्या फोटोसाठी वीस सोनक्या चिरडणारे लोक मी पाहिले आहेत. पहिल्या वर्षी मीही त्यातलाच होतो.

टेकडीवर जाणं जमत नसेल त्या आठवड्यात बाल्कनीतला कढीपत्ता बघा. पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर झटकू नका. ते कॉमन मॉरमॉन किंवा लाइम फुलपाखराचं सुरवंट असतं. मोठं होताना हिरवं होतं, मग कोष करतं. रोज एक फोटो, त्याच कोनातून. कोषाचा रंग बदलून आतल्या पंखांची नक्षी दिसायला लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठा. ब्लू मॉरमॉन, आपलं राज्य फुलपाखरू, याच घराण्यातलं.

ऑक्टोबर: गवत

पाऊस सरला की पंधरा दिवसांत टेकडी हिरवी सोडून सोनेरी होते. कुसळी गवत पिकतं आणि त्याची कुसळं मोज्यांत घुसतात, ती काढायला संध्याकाळ जाते. जाड पँट घाला. उजेड मात्र वर्षातला सर्वात देखणा. इथे आधीचा नियम मोडायचा. सूर्य पाठीशी नको, समोर घ्या, गवताच्या मागे. कुसळांच्या कडा पेटतात. चाक उणे एकवर. मध्ये चिरक किंवा खाटीक पक्षी येऊन बसला तर नशीब.

हिवाळा: आता बाहेर पडा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाहुण्यांचे महिने. आता तुमचा हात बसलेला असतो, म्हणून आताच जायचं.

सुरुवात कवडीपाटपासून. सोलापूर रस्त्याने हडपसरच्या पुढे, लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेच्या काठी. पाण्यावर फेस असतो, काठाला प्लास्टिक असतं, वासही असतो. पुण्याने नदीचं काय केलं ते तिथे एका जागी बघायला मिळतं. तरीही चक्रवाक येतात, हिमालयापलीकडून. नारिंगी-तपकिरी, जोडीजोडीने. थापट्या बदकं येतात, धोबी पक्षी येतात, शेकाट्या लाल काड्यांसारख्या पायांवर उभा असतो. सातच्या सुमाराला पोचा, कारण जानेवारीत सूर्य सातनंतरच उगवतो आणि त्या आधी पाण्यावर धुकं असतं. राजमा जमिनीवर टाका, पोटावर झोपा. पाण्याच्या पातळीवरून काढलेला चक्रवाक आणि उभं राहून काढलेला चक्रवाक हे दोन वेगळे पक्षी वाटतात. कचरा चौकटीत येतो तो टाळायचा की घ्यायचा, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी दोन्ही काढतो.

मग भिगवण. पुण्याहून साधारण १०० किलोमीटर, उजनी धरणाचं फुगवट्याचं पाणी. कुंभारगाव आणि डिकसळ इथे कोळी बांधवांच्या होड्या मिळतात आणि नावाडी पक्ष्यांची नावं आपल्यापेक्षा चांगली सांगतात. रोहित पक्ष्यांना उथळ चिखल लागतो. पाऊस जोरदार झालेला असेल तर धरण भरलेलं राहतं आणि ते उशिरा येतात. डिसेंबरात जाऊन हात हलवत परत येणारे बरेच. आधी नावाड्याला फोन करा, पाणी किती उतरलंय विचारा. जानेवारीअखेर ते मार्च हा माझा अनुभवाने ठरलेला काळ. पट्टकादंब, चित्रबलाक, नदी सुरय, कुरव हे सोबत असतातच. होडीत शटर १/२००० ठेवा, होडी स्वतः हलत असते. नावाड्याला "अजून जवळ घ्या" म्हणू नका. थवा उडाला की फोटो छान येतो हे खरं, पण दिवसभरात वीस होड्यांनी वीस वेळा उडवला तर त्याने खायचं कधी? परतताना चिलापी माशाचं जेवण घ्या, तेवढ्यासाठीही लोक जातात.

माळरान आवडत असेल तर बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं. तिथे चिंकारा दिसतं. वनखात्याने इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारीही सुरू केली आहे. गाडीतून उतरू नका. गाडीला चिंकारा बुजत नाही, पायांना बुजतं.

टेकडी मात्र सोडायची नाही. थंडीच्या पहाटे शहराच्या खोलगटात धूर आणि धुकं मिळून एक थर साचतो, वरून बघितलं तर इमारती त्यात बुडालेल्या दिसतात. धूर म्हणून वाईट, फोटो म्हणून सुंदर.

फेब्रुवारी-मार्च: फुललेली झाडं

पानं झडतात आणि फांद्या बोलायला लागतात. काटेसावर, पळस, पांगारा, गणेर. टेकड्यांवर लावलेलं गिरिपुष्प गुलाबी होतं. ते इथलं नाही, पण फोटोत नाकारण्यासारखंही नाही. पळसाच्या झाडाखाली बसा. सूर्यपक्षी, बुलबुल, साळुंक्या, टकाचोर सगळे रसाला येतात, आणि परतीच्या वाटेवरच्या भोरड्यांचा थवा एकदम उतरतो तेव्हा कुठल्या फांदीकडे बघावं कळत नाही. लाल-नारिंगी फुलांत एक खोच आहे: कॅमेरा लाल रंगात लवकर भरून जातो आणि पाकळीवरची घडी, लव सगळं जाऊन नुसता डाग उरतो. चाक उणे पाऊण ते एक. फोनमध्ये तर हमखास.

गवत वाळलेलं असतं, वणवे लागतात. धूर दिसला तर फोटो नंतर, आधी १०१ किंवा वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन लावा.

एप्रिल-मे: पहाट आणि पाणी

बहावा, ताम्हण, नीलमोहर, गुलमोहर यांचे फोटो रस्त्यावरच मिळतात. ताम्हण आपलं राज्यपुष्प, आणि त्याच्याखालून रोज स्कूटर नेणाऱ्यांना ते माहीत नसतं. दुपारी कॅमेरा काढू नका. १३ मेच्या आसपास पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. माणसाची सावली पायाखाली जाते तशी पक्ष्याच्या डोळ्यातली चमकही जाते. सकाळी आठपर्यंत आटपा.

पाण्याजवळ बसा. सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत आतकरवाडीच्या बाजूला उरलेल्या पाण्यावर स्वर्गीय नर्तक येतो. नर पांढरा, शेपटी फीतीसारखी लांब, पाण्यात सूर मारून वर जातो. झाडीत उजेड कमी म्हणून आयएसओ वाढू द्या. तिथे गर्दी असते. आवाज लावून पक्षी बोलावणारा कोणी असला तर मी उठून येतो. फोनवरचं गाणं ऐकून नर आपल्या हद्दीत शत्रू आला समजतो आणि घरटं सोडून भांडायला येतो.

घरट्याबद्दल माझंच सांगतो. एका मेमध्ये माळावर टिटवीची चार अंडी दिसली, मातीच्या रंगाची, उघड्या दगडगोट्यांत. टिटवी डोक्यावर ओरडत फिरत होती आणि मला वाटलं वा, उडताना छान मिळतेय. वीस मिनिटं उभा राहिलो. नंतर कळलं की मेच्या उन्हात टिटवी अंडी उबवत नसते, थंड ठेवत असते. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि येऊन त्यांच्यावर बसते. मी तिला वीस मिनिटं ते करू दिलं नाही. शिवाय माझ्या उभं राहण्याने कावळ्यांना जागा दाखवली. पुढच्या रविवारी तिथे काही नव्हतं. घरटं दिसलं की मागे फिरा, फोटो नको.

मेअखेर वळवाचे ढग येतात. भोर-वेल्ह्याकडे आणि राजमाचीला काजवे चमकू लागतात. त्यासाठी ट्रायपॉड लागतोच, आणि विजेरी लावायची नसते, फोनचा पडदासुद्धा नाही. तेवढा अंधार आता तिकडेही उरलेला नाही, गाड्यांचे दिवे पुरतात काजवे विझवायला.

घरी आल्यावर

त्याच रात्री फोटो उतरवा, दोन ठिकाणी ठेवा. फोल्डरला तारीख आणि जागा, बस. शंभरातले नव्वद पुसा. पुसताना वाईट वाटलं तर समजा अजून पुसायचे आहेत. पक्ष्याचं, फुलाचं, किड्याचं नाव कळलं नाही तर आयनॅचरलिस्ट हे संकेतस्थळ आहे, तिथे फोटो टाकला की जाणकार सांगतात आणि तुमची नोंदही राहते. एक वहीही ठेवा: पहिला चातक कधी, पळस कधी, पहिलं कुसळ कधी. दगड, झाड आणि पाण्याचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊ द्या.

ड्रोनचा विचार मनात असेल तर काढून टाका. लोहगावला हवाई दल, खडकवासल्याला एनडीए. परवानगीशिवाय उडवला तर फोटोऐवजी पोलीस चौकी. अभयारण्यात तर नाहीच.

फोटो कुठे टाकलात की "लोकेशन?" असं विचारणारे येतात. फुलाला, घरट्याला, घुबडाच्या ढोलीला "पुणे परिसर" एवढंच लिहा. आमच्या टेकडीच्या पायथ्याशी एका वडात पिंगळ्यांची जोडी आहे. त्यांचा फोटो टाकला की खासगीत पाच-सहा निरोप येतातच. मी त्यांना वेताळ टेकडीवरच्या मोरांचा पत्ता देतो. तो सगळ्यांनाच माहीत आहे.